पोलादपूरच्या गाडीला जाणारे पाटणकर सर

भेटेल त्याला 'पाहिलंत, की वाटलं?' असं विचारणाऱ्या माणसाला मी एकदा न पाहिलेली गोष्ट पाहिली म्हणून सांगितली. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. त्यापायी महाडच्या आमच्या वसतिगृहात नुकती सुरू झालेली एक चांगली गोष्ट बंद पडली. हे आधीच लिहून टाकतो. शेवटी सांगू असं ठरवून मी हा मजकूर पूर्वीही लिहायला घेतला होता, आणि शेवट जवळ आला की काहीतरी निमित्त काढून टेबलावरून उठलो होतो. आताही उठावंसं वाटतंय.

साठीच्या दशकाची सुरुवात होती. महाडला कॉलेज नवीन निघालं होतं. भिंतींना टेकलं तर पाठीला चुना लागायचा. मी मराठी शिकवायला लागलो आणि राहायला फुकट खोली मिळते म्हणून वसतिगृहाचा सहायक रेक्टर झालो. रेक्टर होते पाटणकर सर. ते पदार्थविज्ञान शिकवत. त्याआधी बरीच वर्षं त्यांनी कुठल्याशा वेधशाळेत काढली होती. तिथे रोज ठरलेल्या वेळी जाऊन वारा, पाऊस, उष्मा पाहायचा, एवढंच काम. ती नोकरी सुटली तरी सवय सुटली नव्हती. उंच, काटकुळे, एकटे. बारा महिने हातात मिटलेली छत्री. उभे असले की छत्रीचं टोक जमिनीवर टकटक आपटत राहायचे. एका जागी बसून पूर्ण कप चहा पिताना मी त्यांना क्वचितच पाहिलं. दोन घोट घेतले की कप हातात घेऊन ते व्हरांड्यात फिरायला लागत, आणि थंड झालेला चहा कुठल्यातरी खिडकीत सापडे.

वसतिगृहात बहुतेक मुलं आजूबाजूच्या खेड्यांतली. काही वरंध, शिवथरकडची, काही पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतली. बाप नाहीतर काका मुंबईत, आई शेतावर. अख्ख्या वाडीत कॉलेजात आलेला पोरगा हा एकटाच. आणि दरवर्षी यातली काही मुलं मध्येच विझायची. दुसरा शब्द मला सुचत नाही. ताप नाही, खोकला नाही. वर्गात यायची नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, जेवायला बसली तर ताटात बोट फिरवायची. मग एके दिवशी मुंबईहून कुणीतरी यायचं आणि त्याला ट्रंकेसकट घेऊन जायचं. कारखान्यात लागला असं पुढे कळायचं.

आमच्या भिकाजी आचाऱ्याकडे याचं कारण तयार होतं. "डोंगरातली पोरं हायत ती. भात बघितला की नाकं मुरडतात. माज हाय, दुसरं काय नाय."

माझ्याकडेही होतं. घरची आठवण. त्यावर उपायही होता. मुलगा असा दिसू लागला की मी त्याला चार दिवस घरी धाडायचो. आईच्या हातचं खाऊन येईल, ताजा होईल. मला मी फार कनवाळू वाटायचो.

"देवधर," सर म्हणाले, "घरच्या आठवणीने होतं हे तुम्ही पाहिलंत, की वाटलं?"

"सर, यात पाहायचं काय? उघड आहे."

"हं," म्हणाले, आणि छत्री आपटत निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून सर जेवणाच्या वेळी ताटं घासायच्या मोरीजवळ पाट टाकून बसू लागले. मुलं उष्टं ताट ठेवायला आली की सर ताटाकडे बघत, मग मुलाच्या तोंडाकडे. बोलत काही नसत. मुलांनी लगेच त्यांना 'उष्टे सर' हे नाव ठेवलं. भिकाजी वैतागला. "सर, माझ्या सैपाकाची झडती घेताव काय?" तो विचारायचा. सर म्हणायचे, "तुझी नाही रे. माझी."

ती झडती खरोखर त्यांनी स्वतःची घेतली, हे मला त्याच सत्रात कळलं. मुलांचं मन शरीर हलत नाही म्हणून मरगळतं, असं सरांना वाटत होतं. त्यांनी फर्मान काढलं. पहाटे उठायचं, थंड पाण्याने अंघोळ करायची आणि गंधारपाल्याच्या लेण्यांपर्यंत पळत जाऊन यायचं. सर स्वतः छत्री घेऊन पुढे पळत. ते दृश्य पाहायला रस्त्यावरची दुकानं लवकर उघडायची. सत्र संपलं आणि संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर सर मुलांसमोर उभे राहिले.

"माझा अंदाज चुकला," ते म्हणाले. "जे मुळात खुशीत होते ते पळून आणखी खुशीत आले. जे जेवत नव्हते ते अजूनही जेवत नाहीत, शिवाय दमतात. ज्याला आवडतं त्याने पळावं. सक्ती आजपासून बंद."

मुलं बाकं बडवून हसली. मी शरमलो. रेक्टरने मुलांपुढे असं बोलायचं? खोलीत गेल्यावर मी तसं म्हटलंही. सर म्हणाले, "त्यांच्यावर प्रयोग केला, तर निकाल त्यांना नको सांगायला?"

"मुलं म्हणजे काय प्रयोगशाळेतले बेडूक आहेत का, सर?"

"तुम्ही त्यांना उपदेश करता, घरी पाठवता, तोही प्रयोगच असतो, देवधर. फक्त तुम्ही निकाल पाहायला थांबत नाही."

हे वाक्य मला लागलं. पण लागून उपयोग झाला नाही, उलट एक अढी बसली. ती पुढे कामाला आली.

सरांना खरी गोष्ट सापडली ती मोरीजवळच. मुलांची ताटं सुटीच्या आधी उष्टी राहत नव्हती. ती राहत होती सुटीनंतर, घरून परत आल्यावर. गणपती झाले की, दिवाळी झाली की, आणि सगळ्यांत जास्त शिमगा झाल्यावर, ऐन परीक्षेच्या तोंडावर. घरच्या आठवणीचं दुखणं असेल, तर घर भेटून आल्यावर ते वाढावं कसं? मी ज्या मुलांना कनवाळूपणाने घरी धाडलं होतं, त्यांतली बरीचशी परत आलीच नव्हती, हेही त्यांनी मला दाखवलं. सौम्यपणे दाखवलं. मी म्हटलं, योगायोग असेल.

कारण कळलं ते तुकाराम उतेकरकडून. तुकाराम उमरठच्या वरच्या एका वाडीतला, इंटर सायन्सला. बारीक, हसरा, गणितात तरबेज. त्या शिमग्यानंतर सर कशासाठीतरी एस. टी. स्टँडवर गेले होते, तर पोलादपूरची संध्याकाळची गाडी येऊन गेलेली आणि तुकाराम ट्रंकेवर बसून राहिलेला. वसतिगृह हाकेच्या अंतरावर, पण हा उठेना. सर शेजारच्या बाकावर बसले. फुटाण्यांची पुडी पुढे केली. काही विचारलं नाही. पुडी संपत आल्यावर पोरगा आपणहून बोलायला लागला. सरांनी नंतर मला ते जसंच्या तसं सांगितलं.

"सर, औंदा मला पालखीला खांदा देऊ दिला नाय."

शिमग्यात ग्रामदेवीची पालखी त्यांच्या वाडीत घरोघर फिरते. खांदा देणं हा वयात आलेल्या पोराचा मान. तुकाराम पुढे झाला, तर त्याच्या चुलत्याने त्याला हाताने बाजूला केलं. रागाने नव्हे, कौतुकाने.

"काका म्हनला, तू र्‍हा बाजूला, तू आता सायब हायस, तुजी पँट मळंल. समदे हसले. आयपन हसली. मग मला वट्यावर सतरंजी घातली न् चा दिला, पावन्यावानी. मुंबईवाले म्हनाले, पास झालास की किती पगार पडंल रे? मला काय सांगावं सुचंना. आन् हितं आलो की हितली पोरं म्हनतात, आला डोंगरातला. मग मी कुठला, सर?"

सर म्हणाले, "मला माहीत नाही, तुकाराम. चल, भाकरी थंड होईल."

तो उठला. त्या आठवड्यात त्याचं ताट स्वच्छ होतं.

तेवढ्यावर कुणीही खूश झालं असतं. सर झाले नाहीत. एका मुलावरून काही ठरत नाही, म्हणाले. पुढल्या सत्रापासून सुटीहून परत येणाऱ्या पोलादपूरच्या संध्याकाळच्या गाडीला ते जाऊ लागले. वरंधकडची गाडी सकाळी यायची, तेव्हा सरांचे वर्ग असत, म्हणून तिला कुणी जात नसे. मग मोरीजवळ बसून दोन्हीकडच्या मुलांची ताटं पाहणं सुरू झालं. पोलादपूरकडची मुलं जेवत होती. वरंधकडची पूर्वीसारखीच. तेव्हा सरांनी प्राचार्यांकडे जाऊन सकाळचे वर्ग बदलून घेतले आणि वरंधच्या गाडीलाही जायला लागले. हळूहळू तिकडची ताटंही बदलू लागली. स्टँडवर सर करत काहीच नसत. बाकावर बसायचे, फुटाणे पुढे करायचे, कुणाची वळकटी उचलायचे. मुलं त्यांच्याशी पालखीबद्दल बोलत, बहिणीच्या लग्नाबद्दल बोलत, व्यालेल्या म्हशीबद्दल बोलत. कधी कुणी काहीच बोलत नसे. पण घर आणि कॉलेज यांच्या मधल्या त्या बाकावर कुणीतरी आपली वाट पाहत बसलंय, एवढं पुरत असावं.

प्राचार्यांनी एकदा बैठक घेतली. मुलांचं मनोबल वाढवायला मुंबईहून वक्ता आणावा, असा विषय होता. सर म्हणाले, "गेल्या वर्षी झालं की व्याख्यान. त्यानंतर मुलांचं काय झालं, कुणी पाहिलं?"

"टाळ्या केवढ्या पडल्या," प्राचार्य म्हणाले.

"टाळ्या मीही ऐकल्या. मी पुढच्या आठवड्याबद्दल विचारतोय."

बैठकीत एकच खसखस पिकली. वक्ता आलाच. पण प्राचार्य मनाचे मोठे होते. पुढच्या वर्षी सरांचा गाडीचा रिवाज वसतिगृहाच्या नियमात घालू, आणखी माणसं देऊ, असं त्यांनी कबूल केलं. एक शिमगा नीट पार पडू द्या, म्हणाले.

आता माझ्यावर आलो.

त्या शिमग्याच्या सुमारास पुण्याहून सरांच्या बहिणीच्या आजारपणाची तार आली. निघताना ते माझ्या खोलीशी आले. "देवधर, परवा संध्याकाळी पोलादपूरची गाडी तुमच्याकडे. तुकाराम तिनेच येईल. यंदा त्याला परीक्षेचा धसका आहे, आणि गावाला जायच्या आधीपासूनच त्याचं काहीतरी बिनसलंय. बोलू नका फार. नुसते बसा."

मी हो म्हटलं.

त्या संध्याकाळी गावातल्या डॉक्टरांच्या ओटीवर आमची साहित्यप्रेमी मंडळी जमली होती. मी नवी कविता लिहिली होती आणि मला ती वाचायची होती. गाडीच्या वेळेला माझी पाळी आली. उठावं असं मनात आलं, नाही असं नाही. मग वाटलं, म्हातारा माणूस फुटाणे खात बाकावर बसतो, त्याने का कुणाची दुखणी बरी होतात? मी बसलो. कविता वाचली. वाहवा मिळाली. त्या कवितेचं नाव 'एकाकी' होतं.

वसतिगृहात परतलो तेव्हा तुकाराम आपल्या खोलीत होता, भिंतीकडे तोंड करून. झोपला असेल म्हणून मी पुढे गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर आले. अंगावर प्रवासाची धूळ तशीच. "गेला होतात?"

"हो, सर."

"तुकाराम?"

"उतरला. बसलो थोडा वेळ त्याच्याजवळ. ठीक वाटला."

सरांनी छत्री आपटायची थांबवली. "पाहिलंत, की वाटलं?"

"पाहिलं, सर," मी म्हणालो.

हे उच्चारायला काहीच कष्ट पडले नाहीत.

त्याच आठवड्यात तुकाराम सकाळी वर्गाला म्हणून बाहेर पडला आणि परत आला नाही. शोधाशोध झाली. दुसऱ्या दिवशी निरोप आला की वरंधला घाटाच्या पायथ्याशी एका चहावाल्याने त्याला बसवून ठेवलंय. तिकडे त्याचं नात्याचं कुणी नव्हतं. सर आणि मी गेलो. चहावाला सरांना बाजूला घेऊन म्हणाला, "घाट चढत व्हता सायब, यकटाच. म्या इचारलं, कुटं जातूस रे? तर बोलना. मला त्येचं त्वांड बरं दिसलं नाय. म्हून धरून बसवला." तो कशाला घाट चढत होता, हे आम्ही दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. तुकाराम सरांकडे पाहत नव्हता. सरांनी त्याच्यापुढे फुटाणे धरले. त्याने मान फिरवली. मुंबईहून काका आला आणि त्याला परस्पर तिथूनच घेऊन गेला.

परतीच्या वाटेवर सर म्हणाले, "त्याला आपण भेटलो होतो, देवधर. तरी हे झालं. आणि आज माझ्याकडे पाहीना. म्हणजे माझ्या त्या बसण्याने भलतंच काही होत असावं. जखमेवर बोट ठेवल्यासारखं. आधीची ताटं म्हणजे योगायोगच असेल, तुम्ही म्हणत होतात तसा."

तेव्हाच मी सांगायला हवं होतं. सर माझ्या शेजारी बसले होते. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

सरांनी पळायची सक्ती जशी सगळ्यांपुढे बंद केली होती, तशीच ही गोष्टही प्राचार्यांना स्वतः जाऊन सांगितली. माझा अंदाज चुकला, नियमात घालू नका. त्यानंतर ते स्टँडवर गेले नाहीत. मोरीजवळ बसणंही थांबलं. चार सल्ले द्यायचे आणि घरी पाठवायचं, हा माझा जुना कार्यक्रम पुन्हा सुरू झाला. मुलं पूर्वीसारखीच मुंबईला जात राहिली. दरवर्षी एखादी ट्रंक व्हरांड्यातून जाताना पाहिली की सर दाराआड होत. सुटी संपायच्या दिवसांत मी त्यांना संध्याकाळच्या वेळी खोलीतल्या खोलीत येरझाऱ्या घालताना ऐकत असे. टक, टक, टक. माझी खोली शेजारचीच होती. त्या आवाजाने मला वाचता येत नसे, आणि तो थांबला की झोप येत नसे. कविता मी सोडली. त्याचं काही मोठेपण नाही. जमेनाशी झाली.

अशी काही वर्षं गेली. साठीचं दशक संपत आलं होतं. शिमग्याच्या सुटीत मी एका सहकाऱ्याच्या घरी पोलादपूरला गेलो होतो. परत निघताना तिथल्या स्टँडवर कुणीतरी हाक मारली. "देवधर सर ना?"

तुकाराम होता. भरला होता, मिशी ठेवली होती. मुंबईत काचेच्या कारखान्यात होता, बायको-मूल होतं. शिमग्याला गावी आला होता. खांद्यावर गुलाल दिसला. मी नको ते विचारून बसलो. "पालखीला खांदा दिलास वाटतं?"

"आता देत्यात," तो हसला. "आता मी सायब नाय ना." मग म्हणाला, "पाटणकर सर कसे हायत? त्येंना सांगा, माझ्या मनात काय नाय. त्या साली मी लय वाट बघितली त्येंची स्टँडावर. गाडी गेली, मागची गाडीपन आली, तरी बसलो. यकच माणूस व्हता ज्येला समदं सांगायचं व्हतं. मग वाटलं, सर तरी कुठंवर पुरणार. त्येंना काम आसंल. पुढं वरंधला आले, तवा मला त्येंच्याकडं बघवंना. पन राग नाय, सांगा त्येंना."

त्या दिवशी सर पुण्याला होते आणि स्टँडवर यायचं काम माझ्याकडे होतं, हे मी त्याला सांगितलं नाही. तेवढंही माझ्याने झालं नाही. गाडी आली आणि मी चढलो.

महाडला उतरलो तो तडक चवदार तळ्याजवळच्या सरांच्या नव्या बिऱ्हाडी गेलो. निवृत्तीला थोडे महिने उरले म्हणून त्यांनी वसतिगृह सोडलं होतं. ते खिडकीशी उभे होते, हातात थंड चहा. मी उभ्यानेच सांगितलं. गेलो नव्हतो. डॉक्टरांच्या ओटीवर बसलो होतो. पाहिलं नव्हतं. आणि तुकाराम काय म्हणाला तेही सगळं, त्याच्याच शब्दांत. मध्ये थांबलो तर पुढे बोलता येणार नाही म्हणून थांबलो नाही.

सरांनी कप खिडकीत ठेवला. 

"बाकीची मुलं त्याच गाडीत होती," ते म्हणाले. "मी त्यांना विचारू शकलो असतो. विचारलं नाही. तुम्ही पाहिलं म्हणालात."

"हो, सर."

"म्हणजे ते चुकलेलं नव्हतं."

"नव्हतं."

"इतकी वर्षं, देवधर." आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "इतकी मुलं गेली."

मला वाटलं, आता ते मला बाहेर काढतील. ते वळले आणि कोपऱ्यातली छत्री शोधू लागले. दाराची कडी त्यांना लवकर निघेना.

"संध्याकाळची पोलादपूरची गाडी अजून त्याच वेळेला येते ना? सुटी आज संपतेय."

मी त्यांच्या मागोमाग निघालो. नको म्हणाले नाहीत, या असंही म्हणाले नाहीत. वाटेत फुटाणे घेतले. जुना बाक जागेवरच होता. सर एका टोकाला बसले, मी दुसऱ्या. गाडी दिसायच्या आत बोलून टाकायला हवं होतं, तसं मी बोललो.

"सर, माझं चुकलं. मी तुमच्याशी खोटं बोललो आणि नंतर रोज गप्प राहून तेच पुन्हा बोलत राहिलो. तुमची, तुकारामची, आणि ज्यांची नावंही मला आठवत नाहीत त्या मुलांची मी माफी मागतो."

सर समोर रस्त्याकडे पाहत होते. गाडी वळणावर आली, थांबली, धूळ उडाली. बायका उतरल्या, कोंबड्यांची पाटी उतरली, आणि सगळ्यांच्या मागून एक पोरगा ट्रंक घेऊन उतरला. उतरून तो तिथेच ट्रंकेवर बसला.

सर बाकावर थोडे सरकले. मधे जागा झाली.

"पाहिलंत?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"पाहिलं, सर," मी म्हणालो.